जंतू, उंदीर आणि मंगळवारचा 'केसरी' : प्लेगच्या साथीत विज्ञान मराठी वाचकापर्यंत कसे पोहोचले

२९ ऑक्टोबर १८९६. मुंबईच्या आर्थर रोडवरील साथरोग रुग्णालयावर सुमारे हजारभर गिरणी कामगार चालून गेले. शहरात प्लेग जाहीर होऊन महिना उलटला होता. रुग्णालयात नेलेला माणूस बहुधा परत येत नाही, हे कामगार रोज पाहत होते. तो का परत येत नाही याची दोन उत्तरे तेव्हा मुंबईत फिरत होती. पहिले उत्तर वैद्यकाचे: हा रोगच प्राणघातक आहे आणि रोगी फार उशिरा आणला जातो. दुसरे उत्तर चाळीतले: तिथे माणसे मारून त्यांच्या देहातून 'मोमियाई' नावाचे औषधी तेल काढतात. पहिले उत्तर खरे होते. पण ते घेऊन दारात येणाऱ्या माणसाबरोबर बहुधा पोलीस असे.

या दोन उत्तरांच्या मधली जागा वर्तमानपत्रांची होती. हा धागा त्या जागेविषयी आहे.

मुंबई सोडून थोडे दूरून पाहिले तर हा प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो. वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हे गाव घ्या. (नरसिंह सरस्वतींचे जन्मस्थान ते कारंजा लाड, ते वाशीम जिल्ह्यात. नावामुळे दोहोंची गल्लत नेहमी होते.) नागपूरहून अमरावतीस जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव त्या काळी मध्यप्रांतात, आर्वी तहसिलीत मोडत असे. मुंबई आणि नागपूर लोहमार्गाने जोडली गेली ती १८६७ साली. परंतु तो मार्ग बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा असा दक्षिणेकडून जातो. कारंजा त्याच्या वाटेवर नाही. अशा गावात ना प्रयोगशाळा, ना सूक्ष्मदर्शक. मुंबईहून रेल्वेने विदर्भाकडे दोन गोष्टी येत: प्लेग आणि प्लेगची बातमी. बातमी आधी आली. रोग त्यानंतर काही वर्षांत मध्यप्रांतात पोहोचला. मधल्या काळात आडगावच्या माणसाला प्लेगविषयी जे काही ठाऊक झाले, ते छापील कागदातून, तो मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याच्या तोंडून आणि मुंबईहून जीव घेऊन परतलेल्या नातलगांकडून.

आणि परतणारे थोडे नव्हते. त्या वेळी मुंबईची वस्ती साडेआठ लाखांच्या आसपास होती. १८९७ चा फेब्रुवारी येईपर्यंत त्यांतील जवळजवळ चार लाख लोक शहर सोडून गेले होते. प्रत्येकाच्या गाठोड्यात एक हकिगत होती. वर्तमानपत्राची स्पर्धा होती ती या हकिगतींशी.

आता त्या वेळचे विज्ञान नेमके किती पुढे आले होते, ते पाहणे अगत्याचे आहे. आज 'विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा' अशी सरळ रेघ ओढून १८९७ ची गोष्ट सांगितली जाते. ती रेघ चुकीची आहे.

प्लेगचा जिवाणू सापडला तो १८९४ च्या जूनमध्ये, हाँगकाँगच्या साथीत. अलेक्झांडर येर्सिन आणि किटासाटो शिबासाबुरो या दोघांनी स्वतंत्रपणे तो शोधला. म्हणजे मुंबईत मांडवी भागात गोमंतकीय डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगचे निदान केले, तेव्हा हा शोध जेमतेम सव्वादोन वर्षांचा होता. रोगाचा जंतू कोणता, हे माहीत होते. तो एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत कसा जातो, हे कोणालाच माहीत नव्हते. हवेतून? जमिनीतून? कपड्यांतून? धान्याच्या पोत्यांतून? मोठमोठे डॉक्टर यावर भांडत होते. उंदरांवरील पिसवेचे नाव अजून कोणी घेतलेले नव्हते.

पण साथ शास्त्रज्ञांचा वाद मिटेपर्यंत थांबत नाही. मुंबई महापालिकेने गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुऊन काढली. घरांचे पत्रे उचकटले, भिंतींना चुना फासला, रोग्याचे अंथरूण-पांघरूण जाळले. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू.एच.एच.' अशी इंग्रजी अक्षरे रंगवली. यामागे 'घाण आणि दूषित जमीन म्हणजे रोग' ही जुनी समजूत होती आणि तिच्यावर नव्या जंतुशास्त्राचा मुलामा होता. पुढे जे कळले त्या प्रकाशात पाहिले, तर गटारे धुण्याचा एक परिणाम असा झाला असावा की तिथले उंदीर पळून शेजारच्या कोरड्या घरांत शिरले.

येथे भाषेचा एक प्रश्न उभा राहतो आणि त्याकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे. या नव्या रोगाला मराठीत म्हणायचे काय? 'प्लेग' हा शब्द रुळला खरा. पण त्याबरोबर 'ग्रंथिक सन्निपात' हे नावही चालत असे. हे नाव आयुर्वेदाच्या घराण्यातले. काखेत-जांघेत गाठ येते म्हणून ग्रंथिक, आणि तीनही दोष बिघडतात म्हणून सन्निपात. हे नाव वाचणाऱ्याच्या मनात रोगाचे कारण शरीराच्या आत उभे राहते. उलट 'प्लेगचे जंतू' म्हटले की कारण बाहेर जाते. त्यातही 'जंतू' हा शब्द मराठीत काही कोरा नव्हता. पोटातले जंत, किडा-मुंगी, वळवळणारे काहीतरी, असे चित्र त्याला आधीपासून चिकटलेले होते. असे जंतू भिंतीवर चढतात, गोधडीत लपतात, चुन्याने मरतात. म्हणजे चुना फासण्याचा सरकारी उपाय या शब्दाच्या जुन्या अर्थाला अगदी शोभून दिसला. लसीचेही तेच. 'देवी काढणे' हा प्रकार लोकांच्या ओळखीचा होता, त्यामुळे प्लेगची लसही एकदा टोचली की जन्माचे काम झाले, अशी अपेक्षा सहज निर्माण होई. ती अपेक्षा चुकीची होती आणि तिची किंमत पुढे मोजावी लागली.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. घरात शिरणे, झडती घेणे, माणसाला उचलून नेणे, प्रवास अडवणे, यांपैकी काहीही करण्याचे अधिकार सरकारला मिळाले. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली तिघांची समिती आली. दुसरे डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचे मेजर पॅजेट आणि तिसरे सैन्याचे डॉक्टर बेव्हरिज, ज्यांच्या गाठी हाँगकाँगचा अनुभव होता. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत सैनिकांनी पुण्यातील घरोघर झडत्या घेतल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. चापेकर बंधूंची ही कथा मराठी वाचकाला तोंडपाठ आहे, ती येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही.

कमी सांगितली जाणारी गोष्ट वेगळी आहे. टिळकांनी प्लेगच्या उपायांना सरसकट विरोध केला, असा एक समज आहे. तसे घडलेले नाही. शहरातील पुढारी गाव सोडून जात असताना ते पुण्यातच राहिले. हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. रोग्याला वेगळे ठेवणे, घर स्वच्छ करणे या गोष्टी त्यांना तत्त्वतः मान्य होत्या. त्यांचा रोष होता तो या गोष्टी कोणाकडून आणि कशा करवल्या जात आहेत यावर: गोऱ्या शिपायाने माजघरात शिरण्यावर, देवघर बाटवण्यावर, स्त्रियांना रस्त्यावर उभे करण्यावर. हा भेद लेखात स्पष्ट असतो. मोठ्याने वाचताना, सांगोवांगी होताना तो टिकत नाही. पुण्याहून चारशे मैलांवर पोहोचेपर्यंत 'शिपाई नको' याचे 'तपासणी नको' होण्यास फारसा वेळ लागत नसावा.

आणि सरकारनेही हा भेद मानला नाही. २७ जुलै १८९७ रोजी टिळकांना अटक झाली, १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली गेली. गंमत अशी की, खटला उभा राहिला तो प्लेगवरील लेखांवर नव्हे, तर १५ जूनच्या अंकात आलेल्या शिवराज्याभिषेक उत्सवाच्या मजकुरावर. सातारा जिल्ह्यातील 'प्रतोद' या पत्राच्या संपादकासही शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी राजद्रोहाचे कलम अधिक कडक करण्यात आले. संपादकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा होता: भिंतीला चुना फासून प्लेग जातो काय, हा प्रश्न शास्त्राचा असला तरी तो छापताना कोणत्या कलमाखाली येईल याचा हिशेब आधी करावा लागे. अशा हवेत शास्त्रीय शंका घेणारा लेख आणि सरकारवर टीका करणारा लेख वेगवेगळे राहणे कठीण.

'केसरी' ही एकच बाजू नव्हती. गिरणी कामगारांचे पुढारी आणि सत्यशोधकांच्या 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे प्लेगग्रस्तांच्या सेवेत असतानाच ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने गेले. महिन्याभरात, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ हडपसरकडे उघडलेल्या दवाखान्यात त्या रोगी आणून पोहोचवत होत्या. ज्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, ते लोखंड्यांचेच लोक होते. त्यांच्या भाषेत बोलणारा, त्यांच्या विश्वासातला आणि रुग्णसेवेच्या बाजूने उभा असलेला संपादक ऐन साथीच्या सुरुवातीसच नाहीसा झाला. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात या मृत्यूची नोंद असते. साथीच्या इतिहासात ती क्वचितच घेतली जाते. त्या काळी कामगारापर्यंत डॉक्टरांचे म्हणणे नेऊ शकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, हे ध्यानात घेतले तर ही हानी किती मोठी होती ते उमगते.

थोडे थांबून एका साधनाविषयी सांगायला हवे. त्या काळच्या देशी वृत्तपत्रांत काय छापून येत होते, हे आज बव्हंशी ज्या कागदांवरून सांगितले जाते, ते कागद सरकारचे आहेत. मुंबई सरकारचा भाषांतर विभाग दर आठवड्याला मराठी, गुजराती आदी पत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा काढत असे. 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह न्यूजपेपर्स' या नावाने तो अधिकाऱ्यांत फिरे. अनेक पत्रांचे मूळ अंक नष्ट झाले, हे गोषवारे मात्र दप्तरात जपले गेले. गोषवारा काढणारा काय उचलणार? जे सरकारला काळजीचे वाटेल ते. अफवा, संताप, आरोप. प्लेगची लक्षणे कोणती, पाणी उकळून प्यावे, गाठ दिसताच काय करावे, असा साधा उपयुक्त मजकूर त्याच अंकात असला तरी तो भाषांतरकाराच्या कामाचा नव्हता. त्यामुळे या गोषवाऱ्यांवरून 'देशी पत्रे विज्ञानविरोधी होती' असा निष्कर्ष काढणारे पुस्तक हाती आले, तर त्याच्या तळटिपा आधी पाहाव्यात.

आता लस. या साथीतील विज्ञानाची सर्वांत चांगली आणि सर्वांत दुर्दैवी गोष्ट तीच आहे.

वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले. कॉलऱ्याची लस घेऊन ते १८९३ मध्ये हिंदुस्थानात आले होते. १८९६ च्या ऑक्टोबरात सरकारने त्यांना मुंबईस पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन नोकर एवढ्या सरंजामावर त्यांनी काम सुरू केले. जिवाणू वाढवण्याच्या रसावर ते तुपाचे थेंब सोडत. थेंबांना धरून जिवाणूंच्या वसाहती झुंबरासारख्या खाली लोंबत. मग ते जिवाणू उष्णतेने मारायचे आणि लस म्हणून वापरायचे. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत. ताप आला, दंड सुजला, उतरले. त्याच महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली.

या लसीची बातमी छापणे सोपे नव्हते. लस घेतलेल्याला एक-दोन दिवस ताप येई, आणि प्लेगची सुरुवातही तापानेच होते. लस घेतल्यावर माणूस आजारी पडतो, हे शेजाऱ्यांना डोळ्यांनी दिसे. तो त्यामुळे दोन महिन्यांनी मेला नाही, हे मात्र कोणालाच दिसत नसे. न घडलेल्या मृत्यूची बातमी होत नाही. म्हणून हाफकिन यांनी दाखवण्याजोगी माणसे गाठली. तरुण आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर जाहीरपणे लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली इमारतही दिली. छापील लेखापेक्षा त्या एका दंडाचा परिणाम मोठा झाला.

पण खरा पुरावा उभा राहिला तो बडोदे संस्थानातील उंढेरा या खेड्यात, १८९८ च्या फेब्रुवारीत. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यातल्या या गावात प्लेग आधीच शिरला होता. हाफकिन यांनी कुटुंबवार लोकांना एकत्र बोलावले आणि प्रत्येक घरातील जवळपास निम्म्या माणसांना लस दिली. लहान-मोठे, स्त्री-पुरुष, धडधाकट-अशक्त असे दोन्ही बाजूंना सारखे येतील असा प्रयत्न केला. उरलेले त्याच घरात, त्याच छपराखाली, त्याच उंदरांसोबत राहिले. काही आठवड्यांनी मोजदाद झाली. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि त्यांतले २६ दगावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना झाला, ३ दगावले.

हे आकडे समजायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. गणिताची चौथी इयत्ताही पुरे. 'सरकारी' आणि 'देशी' हा भेदही त्यांत नाही. एकाच घरातल्या भावाभावांची ती तुलना आहे. साथीच्या काळात विज्ञान लोकांसमोर कसे मांडावे याचा त्या दशकातला याहून चांगला नमुना दाखवणे कठीण आहे. तरीही हे आकडे लोकस्मृतीत शिरले नाहीत. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने लस उपयुक्त असल्याचे मान्य केले, पण ती पूर्ण संरक्षण देत नाही आणि आकडेवारी काटेकोर नाही, अशा पुरवण्या जोडल्या. त्या पुरवण्या प्रामाणिक होत्या. पण 'लसीने धोका पुष्कळ कमी होतो, नाहीसा होत नाही' हे वाक्य छापायला जितके अवघड, तितकेच ऐकायलाही. उंढेऱ्याच्या त्या आकड्यांत दोन बातम्या होत्या: एक वाचलेल्यांची, आणि एक लस घेऊनही गेलेल्या तिघांची. गावागावांत प्रवास करण्याची ताकद दुसरीत जास्त होती.

त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने एका काचेच्या भांड्यात प्लेगने आजारी, पिसवा असलेला उंदीर ठेवला आणि जाळीआड निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होऊ शकत नव्हता, पिसवा मात्र उड्या मारू शकत होत्या. निरोगी उंदीर प्लेगने मेला. तारीख २ जून १८९८. हा शोध त्याच वर्षी फ्रेंच नियतकालिकात छापून आला, आणि शास्त्रज्ञांनीच तो बाजूला सारला. प्लेग आयोगाला तो पटला नाही. त्यामुळे संपादकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या विषयावर डॉक्टरांचेच एकमत नव्हते, तो साप्ताहिकाने निकालात काढावा ही अपेक्षा अवाजवी आहे.

मात्र या प्रकरणाला एक कडवट बाजू आहे. उंदरांचा आणि प्लेगचा संबंध खेड्यांतील लोकांना आधीच ठाऊक होता. घरात उंदीर पडू लागले की घर सोडायचे, रानात खोपी घालून राहायचे, साथ सरली की परतायचे. गढवाल-कुमाऊँच्या डोंगराळ भागात, जिथे 'महामारी' जुनी होती, तिथल्या या रिवाजाची नोंद इंग्रज अधिकाऱ्यांनीच एकोणिसाव्या शतकात केली होती. महाराष्ट्रातही 'उंदीर पडले' हे शब्द ऐकताच शेतावर मुक्काम हलवण्याची रीत पुढे घट्ट झाली. तिला 'विज्ञान' म्हणून कोणी छापले नाही, कारण ते शेतकऱ्याचे निरीक्षण होते. इंग्रजी शिकलेल्या संपादकाच्या लेखी ते गावंढळ, आणि सरकारी डॉक्टराच्या लेखी पुराव्याविना. भिंतीला फासलेला चुना मात्र 'शास्त्रीय उपाय' म्हणून छापला गेला. दोहोंत प्लेगपासून जीव वाचवणारी गोष्ट पहिली होती. पुढे सरकारनेही गाव रिकामे करणे हा खेड्यांसाठीचा परिणामकारक उपाय मानला.

सिमाँचे म्हणणे सिद्ध झाले ते मुंबईतच, परळच्या प्रयोगशाळेत, १९०५ नंतर. गिनिपिगचे पिंजरे प्लेगच्या घरांत ठेवले गेले. काही पिंजऱ्यांभोवती पिसवा अडवणारा चिकट कागद पसरला होता, काहींभोवती नव्हता. कागदाच्या आतले प्राणी वाचले. बंद खोलीत माणसाला न दिसणारी गोष्ट एका चिकट कागदाने दाखवली. तोपर्यंत प्लेग सुरू होऊन जवळपास दहा वर्षे झाली होती, आणि टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथही १९०३ मध्ये त्याच रोगाने गेला होता.

या दहा वर्षांच्या मध्यावर पंजाबातील मलकोवाल हे गाव आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांतील एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मेले. बाटलीचा क्रमांक ५३-एन. चौकशीत रोख परळच्या प्रयोगशाळेकडे वळला. हाफकिन यांनी लस तयार करण्याची रीत थोडी बदलली होती. लसीत कार्बोलिक आम्ल मिसळणे थांबवले होते. एवढ्यावरून बाटली मुळातच दूषित होती, असे ठरवले गेले. त्या दिवशी गावात बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब मागे पडली. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले.

अहवालाचे कागद वर्षानुवर्षे सरकारी दप्तरात राहिले. पंजाबात लोकांना फक्त एवढे कळले की, लस घेतलेली माणसे तडफडून मेली. जेव्हा सरकार मौन धरते, तेव्हा वर्तमानपत्रापाशी छापण्यासारखे असते ते फक्त मृत्यूंची संख्या आणि कुजबुज. शेवटी हे प्रकरण उलटवले तेही वर्तमानपत्रानेच: २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर जंतुशास्त्रज्ञांचे पत्र छापून आले. दोष बाटलीत नव्हता, तो गावात बूच काढताना घडला, हे त्यांनी मुद्देसूद मांडले. हाफकिन निर्दोष ठरून हिंदुस्थानात परतले, पण कलकत्त्याला. परळच्या प्रयोगशाळेत नव्हे. ते पत्र छापून आले त्या १९०७ सालीच हिंदुस्थानात प्लेगने तेरा लाखांहून अधिक माणसे मेली. त्यांतली सहा लाखांहून अधिक एकट्या पंजाबातील होती. मलकोवालची बातमी पंजाबभर पोहोचली होती. लंडनचे पत्र तिथल्या खेड्यांत पोहोचण्याचे काही साधन नव्हते. परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले १९२५ मध्ये.

कारंज्यासारख्या गावांच्या वाट्याला याहून मोठी साथ आली ती १९१८ मध्ये, इन्फ्लुएन्झाची. ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्वाधिक मृत्युदरांत मध्यप्रांत-वऱ्हाडचा क्रमांक अगदी वर होता. युद्ध चालू असल्याने लढणाऱ्या देशांतील बातम्यांवर सरकारी नजर होती. तटस्थ स्पेनमध्ये ती नव्हती, म्हणून आजाराच्या बातम्या तिथून मोकळेपणी आल्या आणि जगभर नाव पडले 'स्पॅनिश'. या खेपेस डॉक्टर १८९६ पेक्षा अधिक खात्रीने बोलत होते. रोगाचे कारण फायफरचा जिवाणू, असे पाठ्यपुस्तकांत छापलेले होते, आणि तसेच ते वर्तमानपत्रांतही गेले. ते चूक होते. खरा विषाणू लंडनमध्ये वेगळा काढण्यात आला तो १९३३ साली. मराठी खेड्यांनी मात्र त्या साथीला ना स्पेनचे नाव दिले ना फायफरचे. ताप चढतो आणि माणूस मान टाकतो, एवढे त्यांनी पाहिले होते. त्यांनी तिला 'मानमोडी' म्हटले, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बोलण्यात पुढे कित्येक वर्षे माणसांची वये त्या मानमोडीच्या आधीची की नंतरची, अशी मोजली जात राहिली.